काळ्या दगडातले चार स्क्रू

इंदू, तुझा फोटो उद्या पाहुणे यायच्या आत भिंतीवर लागला पाहिजे, असा हुकूम आहे. हुकूम आत्याबाईंचा, आपल्या सासूचा. उद्या तुझी तेरवी. फोटो वर्ध्याहून फ्रेम होऊन आलाय, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला तसाच धान्याच्या कोठीला टेकवून ठेवलाय, आणि घरातलं माणूस न् माणूस माझ्याकडे बघतंय. या घराच्या भिंतीत काही लावायचं म्हटलं की ते काम माझं. बाईमाणूस असून माझं.

तू असतीस तर म्हणाली असतीस, "कागद कायले काळे करतं वं सुमन, काम कर ना." करते बाई. पण आधी तुझ्याशी बोलायचं आहे. लिहायला बसलं की माझा हात बालवाडीच्या बाईचा होतो आणि शाळेचं मराठी लिहितो, त्याला हसू नकोस. चारचौघांत मी तुला जाऊबाई म्हणायची, तुम्ही म्हणायची, कारण तू थोरल्याची बायको. चुलीपाशी मात्र इंदू आणि तू, कारण वयाने मीच तुझ्याहून तीन वर्षांनी मोठी. आत्ता मी चुलीपाशीच बसले आहे.

ही भिंत तुला सांगायला नको. मामाजींनी, आपल्या सासऱ्यांनी, जन्मभर सडकेचे पूल बांधले आणि त्याच काळ्या दगडाने, त्याच हाताने हे घर बांधलं. धाम नदीच्या पुरात पूल टिकतो तसं घर टिकलं पाहिजे, एवढंच त्यांच्या डोक्यात. घरात माणसं राहतात, त्यांना कधी एखादी पिशवी टांगावीशी वाटेल, हे त्यांच्या मनातही आलं नसेल. खिळा मारला की खिळा वाकायचा, हातोडी उडायची आणि मारणाऱ्याच्या तोंडून शिवी निघायची. म्हणून आपले कपडे दोरीवर, कॅलेंडर खिडकीच्या गजाला आणि देव कोनाड्यात. लग्न होऊन आले तेव्हा मला हे घर कोंडवाड्यासारखं वाटलं होतं. तुला कसं वाटलं होतं, ते मी कधी विचारलं नाही.

भासरे गेले तेव्हा तू वीस वर्षांची होतीस. लोकांसाठी ते घरातले थोरले, माझे भासरे, आत्याबाईंचा लेक. तुझा नवरा ते जेमतेम दोन वर्षं. त्यांचा एकट्याचा फोटो घरात नव्हताच. मग तुमच्या लग्नातला फोटो वर्ध्याला नेला आणि त्यातून त्यांना कापून मोठं करून आणलं. शेजारी तू उभी होतीस, तुझा खांदा तेवढा फोटोत शिल्लक राहिला होता. तो फ्रेमवाल्याने काळा रंग देऊन मिटवला. मला तेव्हाच कसंतरी झालं होतं, पण अशा वेळी कोण बोलतं.

पहिल्यांदा फोटो आमच्या यांनी लावला. यांचा अंदाज बरोबर होता, दगडात खिळा जात नाही, पण दोन दगडांच्या सांध्यात जातो. गेला. तेरवीची पंगत बसली, मी वडे वाढत होते, आणि सांध्यातला चुना भुसभुशीत होऊन खिळा सुटला. काच फुटली. आत्याबाईंनी हंबरडा फोडला, "माह्या लेकाले हिच्या नजरेसमोर राह्यचं नाई." सगळ्या बाया तुझ्याकडे बघायला लागल्या. तू पदरात काचा वेचत होतीस. एकीनेही तुला झाडू आणून दिला नाही. मीही नाही, माझ्या हातात परात होती.

यांनी सांध्यात सिमेंट भरून दुसऱ्यांदा लावला. आठ दिवसांनी पुन्हा पडला. मग आत्याबाई जे बोलल्या ते मी इथे लिहीत नाही, तुला पाठ होतं. तिसऱ्यांदा पडला असता तर तुझं गाठोडं दाराबाहेर पडलं असतं, हे मला स्वच्छ दिसत होतं. माहेरी तुझं कोण होतं? भाऊ होता, पण घर भावजयीचं होतं.

म्हणून मी पुढे झाले. माझा बाप विहिरी खोदायचा. दगडाला भोक कसं पाडायचं ते मी लहानपणी त्याच्या शेजारी बसून पाहिलं होतं. आपलं त्यावरून भांडण झालं, आठवतं? तू म्हणालीस, "वरच्या वाशाले तार बांध अन् सोड खाली. भिंतीले हात लावाचं कामच नाई." मी म्हटलं, तार गंजते, वारं आलं की फोटो हलतो, आणि फोटो हलला तरी आत्याबाई काहीतरी काढतील. तू म्हणालीस, "हलू दे ना. थोडं हलंन तं काय होते." मी ऐकलं नाही. मला तुला वाचवायचं होतं, आणि खरं सांगायचं तर थोडा तोराही होता. सगळ्या पुरुषांना जे जमलं नाही ते मी करून दाखवणार होते.

दोन दिवस लागले. छन्नी दगडावर धरायची, हलक्या हाताने ठोका द्यायचा, प्रत्येक ठोक्याला छन्नी जराशी फिरवायची. रागाने मारलं तर दगड कपचा टाकतो आणि भोक फिसकटतं. भुकटी फुंकून काढायची. बोटभर खोल गेलं की बाभळीच्या वाळलेल्या लाकडाची गुट्टी भोकापेक्षा किंचित जाड तासायची आणि कोरडीच ठोकून बसवायची. मग वरून ओला फडका ठेवायचा. लाकूड पाणी पितं, फुगतं, आणि दगडाला असं धरतं की दगड फुटेल पण गुट्टी निघणार नाही. अशा चार गुट्ट्या. नुसता खिळ्यावर अडकवला तर कोणाचा तरी धक्का लागेल, म्हणून फ्रेमच्या चारही कोपऱ्यांना लोखंडी पट्ट्या लावल्या आणि त्यांतून चार स्क्रू थेट गुट्ट्यांत पिळले. शेवटचा स्क्रू बसला तेव्हा मी कमरेवर हात ठेवून म्हटलं, आता भूकंप झाला तरी भासरे जागचे हलणार नाहीत.

तू म्हणालीस, "अन् मी बी."

मी हसले. मला वाटलं तू गंमत केलीस.

फोटो पुन्हा कधी पडला नाही. तुला घराबाहेर कोणी काढलं नाही. त्याबद्दल मी बरेच दिवस स्वतःची पाठ थोपटून घेतली. पुढे पुढे मला दिसायला लागलं. आत्याबाईंनी तुझं अंथरूण फोटोच्या खोलीतून हलू दिलं नाही. सांजेला दिवा फोटोपुढे तूच लावायचा. घरी कोणीही आलं की आधी फोटोकडे बघायचं, मग तुझ्याकडे, आणि मग चेहरा पाडायचा. तुला जरा हसू आलं की आत्याबाई नुसती मान वर करून भिंतीकडे बघायच्या, बोलायची गरजच नव्हती. तू फोटोकडे पाठ करून जेवायला बसायला लागलीस, तर तेही आत्याबाईंनी बंद केलं. शिलाई मशीन खिडकीशी होतं, ते उचलून फोटोसमोर आणलं. सहा बाय चारच्या जागेत तू दिवसभर मशीन चालवायचीस आणि वर नजर केली की समोर ते. मी येता-जाता बघायची आणि माझ्या कामाला लागायची.

आणीबाणी उठली त्या वर्षी सेवाग्रामच्या दवाखान्यात बायकांना कामाला घेत होते. शिकवूनच घेणार होते, राहायला खोली देणार होते. तू आठवी पास. फॉर्म कुठून आणलास ते तू मलाही सांगितलं नाहीस. फॉर्मला फोटो हवा होता, म्हणून मशीनची सुई आणायच्या नावाखाली आपण दोघी पवनारहून एसटीने वर्ध्याला गेलो. फोटोवाल्याने तुला स्टुलावर बसवलं. तू माझ्याकडे वळून विचारलंस, "हासू का?" मी म्हटलं, फॉर्मवरच्या फोटोत हसत नाहीत. तरी तू थोडी हसलीच. परतीच्या बसमध्ये तू खिडकीशी बसलीस आणि माझा हात धरून ठेवलास. मला तुझा हेवा वाटला होता, हे आज लिहिते.

आत्याबाईंना सांगायचं धाडस तू एकटीने केलंस. मी स्वयंपाकघरात होते. त्या ओरडल्या नाहीत. थंडपणे म्हणाल्या, "पहिले त्याले भिंतीवरून उतरव, मंग जाजो."

त्यांना वाटलं, विषय संपला. तू मात्र ते शब्दाला शब्द धरलंस. मला विहिरीवर गाठलंस. "सुमन, तू लावला, तूच उतरवून दे. मी फोटो त्यायच्या हातात देतो अन् निंगतो."

आता जे लिहिते आहे ते मी यांनाही सांगितलेलं नाही.

त्याच महिन्यात मला बालवाडीचं काम मिळालं होतं. सकाळी अकरा ते तीन. मोठा तीन वर्षांचा, धाकटी अंगावर पिणारी. आत्याबाईंचे गुडघे दुखायचे, पोरांमागे धावणं त्यांच्याने होत नव्हतं. मी चार तास घराबाहेर राहू शकत होते, कारण तू घरात होतीस. तू गेलीस की मी त्या दगडांच्या आत. हा हिशेब करायला मला विहिरीपासून घरापर्यंतचा रस्तासुद्धा पुरा लागला नाही.

सकाळी सगळे शेतावर गेले, आत्याबाई देवळात, तू पोरांना घेऊन अंगणात बसलीस, आणि मी बापाचा स्क्रूड्रायव्हर घेऊन पाटावर चढले. खालचा डावा स्क्रू. जोर लावला. करकरला आणि फिरला, इंदू. अर्धा वेढा फिरला. मी थांबले. पुन्हा उलटा पिळून घट्ट केला. बाकीच्या तिघांना हातही लावला नाही. बाहेर येऊन तुला म्हटलं, "निंगत नाई. बाभूळ फुगली, लोखंड गंजलं. आता दगड फोडल्याबिगर नाई निंगत."

तू माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिलीस. मग धाकटीला खांद्यावर घेतलंस आणि म्हणालीस, "असू दे. तुले उशीर होऊन राह्यला, जा तू शाळेत."

एवढंच. नऊ वर्षांत तू तो विषय पुन्हा काढला नाहीस. माझी दोन्ही पोरं तुझ्या हाताखाली वाढली. धाकटी तुला आई म्हणायची आणि मला बाई, बालवाडीतल्या पोरांसारखी. मला राग यायचा, आणि राग आल्याची लाजही वाटायची. एकदा आपण गिरडला गेलो होतो, टेकडीवर चढून तू धापा टाकत बसलीस आणि खालचा मुलूख बघत म्हणालीस, "पाह्य वं, किती लांबवर दिसते अठून." उठायचं नावच घेईनास. शेवटची बस चुकेल म्हणून मी तुला हाताला धरून ओढलं. नेहमी मीच ओढायचं, आणि तू यायचं. माझ्या पोरांचं, माझ्या नोकरीचं, माझ्या मोकळेपणाचं जे काही झालं ते तुझ्यामुळे झालं. हे तुझ्या तोंडावर मी एकदाही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर पुढचंही म्हणावं लागलं असतं.

तुझा तो फॉर्मचा फोटो पेटीत तळाशी सापडला. तीन प्रती होत्या, एकही कुठे लागली नव्हती. तुझा दुसरा फोटो या घरात नाहीच. तोच मोठा करून आणलाय. आत्याबाई म्हणाल्या, "त्याच्या बाजूनं लाव. जोडी दिसली पायजे." भासरे भिंतीच्या बरोबर मधोमध आहेत. जोडी दिसायची तर त्यांना आधी डावीकडे सरकवावं लागणार. म्हणजे स्क्रू काढावे लागणार.

आज दुपारी पुन्हा पाटावर चढले. अंगणात मांडवाचं काम चालू होतं, खोलीत फक्त आत्याबाई, खाटेवर, भिंतीकडे पाठ करून. खालच्या डाव्यापासून सुरुवात केली. मला वाटलं होतं, आता मात्र तो खरोखरच धरला असेल, म्हणजे उशिरा का होईना माझं खोटं खरं ठरेल. तो लोण्यात फिरावा तसा फिरला. मग खालचा उजवा. मग वरचे दोन. चारही हातात आले. एकावरही गंज नाही. नाकाशी नेले तर शिलाई मशीनच्या तेलाचा वास. डोक्यावरच्या खाचा बारीक स्क्रूड्रायव्हरने झिजलेल्या, तुझ्या मशीनच्या डबीतल्या.

फ्रेम उतरवली. तेरा वर्षं भिंतीला चिकटलेल्या फोटोमागे काय असतं, तुला ठाऊक आहे. जळमटं, पालीची अंडी, धुळीचा थर. मागे काही नव्हतं. दगड स्वच्छ होता, पुसलेला.

मी पाटावरच बसले. मग एकेक आठवायला लागलं. धाकटीला गोवर निघाला होता तेव्हा मी बालवाडीतून लवकर आले, आत्याबाई कीर्तनाला गेल्या होत्या, आणि दार आतून लावलेलं होतं. तू उघडायला फार वेळ लावलास. न्हात होती म्हणालीस, पण केस कोरडे होते आणि तुझ्या चेहऱ्यावर असं काही होतं की मी पुढे विचारलं नाही. असं किती वेळा केलंस? सगळे बाहेर गेले की भासऱ्यांना खाली उतरवून, भिंतीकडे तोंड करून ठेवून, त्या खोलीत एकटी काय करायचीस? नुसती बसायचीस? जेवायचीस? मोठ्याने हसायचीस? आणि तीन वाजायच्या आत पुन्हा जिथल्या तिथे, चारही स्क्रू घट्ट.

म्हणजे तुला माहीत होतं. पहिल्यांदा स्क्रू फिरला त्याच दिवशी तुला कळलं की मी खोटं बोलले. कळल्यावरही तू माझ्या पोरांना न्हाऊ घातलंस, माझा डबा भरून दिलास, माझ्या केसांना तेल लावलंस. मला एक शिवी द्यायची होतीस, इंदू. माझ्या थोबाडीत मारायची होतीस. मला तुझा राग आलाय, आणि राग करायला मला जागा नाही.

आत्याबाईंनी खाटेवरून विचारलं, "निंगाले का इस्क्रू?"

मी म्हटलं, "निंगाले. हे पहिलेपासून निंगत होते आत्याबाई. मी खोटं बोलली होती. तिले जाऊ द्याचं नव्हतं म्हणून."

मला वाटलं त्या ओरडतील. त्या मोठ्या कष्टाने कुशीवर वळल्या, खाली ठेवलेल्या लेकाच्या फोटोकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हातारीचा आवाज एकदम बारीक झाला होता. "मंग थे गेली काऊन नाई?"

फोटो हातात धरून तू कधीही आत्याबाईंसमोर उभी राहू शकत होतीस. सेवाग्राम तासाभराच्या वाटेवर होतं. कधी वाटतं, मला कोंडून टाकायचं तुझ्या जिवावर आलं, म्हणून थांबलीस. कधी वाटतं, रोज माझ्यासमोर राहून, माझी पोरं सांभाळून तू माझ्यावर सूड घेत होतीस, आणि मला तो कळतही नव्हता. तर कधी वाटतं, वाट बघून बघून तुझी उमेदच गेली असेल, आणि दुपारचे ते चार तास तुला पुरायला लागले असतील. यांतलं खरं कोणतं, ते आता मला कोणी सांगणार नाही. जन्मभर मी याच्याभोवती फिरत राहणार.

भासऱ्यांना मी परत वर लावलेलं नाही. आत्याबाईंनीही पुन्हा म्हटलं नाही. तुझ्यासाठी भोकं पाडायला छन्नी काढली होती, ती तशीच ठेवून दिली. तुझा फोटो पाटावर ठेवीन, फुलं वाहीन, बस.

उद्या लोक पंगतीला बसतील. कोणीतरी म्हणेलच, जाऊबाईंचा फोटो किती छान आलाय, हसऱ्या दिसतात, कधी काढला होता? नाही विचारलं तरी मी सांगणार आहे. वाढता वाढता, सगळ्यांना ऐकू जाईल असं. हा सेवाग्रामच्या फॉर्मसाठी काढला होता. तिला इथून जायचं होतं. मी जाऊ दिलं नाही.